क्लेम कमलेट नक्की कुणातला?

कमलेट हे आडनाव आमच्या ऑटर्सी गावाबाहेर तुम्हाला कुठे भेटलं तर मला येऊन सांगा, एक पिंट बिअर माझ्याकडून. माझी बायको मेबल माहेरची कमलेट. तिचा थोरला भाऊ क्लेम हा त्या नावाचा गावातला शेवटचा पुरुष. गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या बोलीत या नावाचा अर्थ सरळ निघतो: कम लेट, म्हणजे उशिरा ये. कुणी दारातून हाक मारून सांगावं तसं. शाळेत हजेरी घेताना मास्तर मुद्दाम नाव तोडून उच्चारायचे, “उशिरा… ये!” आणि क्लेम “आलोय!” म्हणायचा. रोज तोच विनोद आणि रोज तेवढंच हसू. त्याचा परिणाम असा झाला की क्लेम जन्मभर सगळीकडे वेळेआधी पोचला. दवाखान्यात तो डॉक्टरच्या आधी जायचा. बाजारात गेला की भाजीवाल्यांना गाडीतून टोपल्या उतरवायला मदत करावी लागायची, कारण तोवर विकायला काही मांडलेलंच नसायचं. स्वतःच्या लग्नाला तो इतका लवकर गेला की चर्चमध्ये आधीच्या कुणाचा तरी अंत्यविधी चालू होता. बाहेर थांबणं बरं दिसेना, म्हणून टोपी काढून मागच्या बाकावर जाऊन बसला. मेलेल्या माणसाला तो ओळखतही नव्हता, पण पाद्रीबाबा इतकं छान बोलले की याला रडू फुटलं. लोकांनी याचे हात हातात घेऊन सांत्वन केलं. मग नवरी आली तर नवऱ्याचे डोळे लाल. नवरीची, म्हणजे ऑलिव्हची, आई तिच्या कानाशी लागली, “पोरी, अजून वेळ गेली नाही, याला पश्चात्ताप होतोय.”

ऑलिव्हनं तरीही लग्न केलं. दोन मुली झाल्या.

क्लेम पंपघरावर कामाला होता. आमचं गाव समुद्रापेक्षा खाली आहे. चरांतलं पाणी उपसून वर नदीत टाकलं नाही, तर पंधरवड्यात बटाटे पोहायला लागतील. हे चर आणि बांध तीनशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून परक्या लोकांनी येऊन खणले. त्याआधी इथे नुसती दलदल होती आणि आमची माणसं वाम पकडून, बदकं मारून, लव्हाळे कापून राहायची. पाणी गेलं तसा त्यांचा धंदाही गेला. ती रात्री येऊन बांध फोडायची, परके दिवसा पुन्हा बांधायचे. ऑटर्सीत अजूनही पबमध्ये दोन पिंटांनंतर माणूस छातीवर हात मारून सांगतो, “आम्ही फोडणाऱ्यांतले.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोरड्या जमिनीत बीट पेरतो.

आता क्लेमच्या नावाची कहाणी. त्याचा बाप जेबेझ ती प्रत्येक नाताळात सांगायचा. एका थंडीत चौघं बांध फोडायला गेले. पाचवा जायचा होता, पण त्याची बायको बाळंत होत होती, म्हणून त्याला उशीर झाला. तो पोचला तेव्हा परक्यांच्या राखणीला ठेवलेल्या सैनिकांनी चौघांना धरलं होतं. चौघं फासावर गेले. पाचवा वाचला, त्याला नाव पडलं उशिरा-ये, आणि त्या रात्री जन्मलेलं पोर म्हणजे आमचा मूळ पुरुष, असं जेबेझ म्हणायचा आणि डोळे पुसायचा.

हीच कहाणी ओबेड पिंचबेककडून ऐकली तर वेगळी. ओबेड आमच्या गावचा कोळसेवाला. फासावर गेलेल्या चौघांतला एक पिंचबेक होता, आणि ओबेड हे अशा थाटात सांगायचा की जणू दोर अजून त्याच्याच गळ्यात आहे. तो म्हणायचा, “बायको बाळंत होत होती म्हणे! अरे, सैनिकांना कुणीतरी सांगितल्याशिवाय ते थंडीत बांधावर येतील? हा उशिरा आला, कारण आधी त्यांच्या छावणीत जाऊन आला.”

म्हणजे एकाच नावाचा एका घरात अर्थ सुदैवी, दुसऱ्या घरात फितूर. क्लेमला लहानपणापासून दोन्ही कहाण्या पाठ होत्या. एकदा तो मला म्हणाला होता, “घरी असलो की बाबांची खरी वाटते, पबमध्ये असलो की ओबेडची.”

यावरून गावात एक रीत पडली होती. जानेवारीत एका रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये बांधाचं जेवण असतं. चौघांच्या घराण्यातली माणसं वरच्या टेबलावर बसतात. आधी वामीचं सूप येतं. सूप संपत आलं की घरातला थोरला कमलेट दार उघडून आत येतो, सगळे चमच्यांनी टेबलं बडवतात, ओरडतात, “झाला का उशीर?” आणि तो दाराजवळच्या मोकळ्या खुर्चीत बसतो. त्याशिवाय मांस वाढत नाहीत. जेबेझ गेल्यापासून हे क्लेमकडे आलं. वेळेआधी पोचणाऱ्या या माणसाला वर्षातून एकदा बाहेर गारठ्यात उभं राहून उशीर करावा लागायचा. तो ते करायचा. हसायचा पण. चमच्यांच्या आवाजात सुदैवी आहे की फितूर आहे, हे त्याला कळायचं नाही आणि बडवणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी बीटाच्या साखर कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ती बसवायला बेल्जियमहून फिटर आले. त्यांना राहायला जागा हवी होती. क्लेमच्या मुली लग्न होऊन गेलेल्या, खोली रिकामी. ऑलिव्हनं एक फिटर ठेवून घेतला. ओदिलों त्याचं नाव. चाळिशीचा, बुटका, प्रत्येक पदार्थावर व्हिनेगर ओतणारा. आमची भाषा तो तोडकीमोडकी बोलायचा, पण बिनधास्त.

आला त्याच संध्याकाळी क्लेम त्याची हत्यारांची पेटी उचलून वर न्यायला लागला आणि जिन्यातच थांबला. पेटीवर पांढऱ्या रंगानं आडनाव लिहिलं होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जवळजवळ त्याचंच नाव, दोन-तीन अक्षरांचा फरक, शेवटी टी तसाच. क्लेमनं ऑलिव्हला हाक मारली, “अगं, माझं नाव कुणी चुकीचं लिहिलंय याच्या पेटीवर!”

“ते माझं नाव,” ओदिलों म्हणाला. “काम्ले.”

“कमलेट.”

“काम्ले. शेवटचं बोलायचं नाही, नुसतं लिहायचं.”

“मग लिहायचं कशाला?”

ओदिलोंनं खांदे उडवले. ऑलिव्ह मात्र नावाकडे बघत नव्हती. ती दोघांच्या कानांकडे बघत होती. क्लेमचे कान पुढे आलेले आणि वरची कड पावाच्या कडेसारखी दुमडलेली. मेबलचेही तसेच, म्हणून ती केस मोकळे ठेवते. ओदिलोंचे कान हुबेहूब तसे.

रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा क्लेमनं विषय काढला. “तुमचं नाव आलं कुठून?”

“माझी आजी सांगायची,” ओदिलों बटाट्यांवर व्हिनेगर ओतत म्हणाला, “फार फार जुन्या काळी आमचे काही लोक समुद्र ओलांडून गेले. ओल्या देशात. परत आले नाहीत.”

“कशाला गेले?” मी विचारलं.

“खणायला. चर. पगार चांगला होता म्हणे.”

क्लेमनं काटा ताटात ठेवला.  शेवटी मेबल म्हणाली, “सॉस देऊ का कुणाला?”

त्या दिवसापासून क्लेमचं बिनसलं. दुसऱ्याच सकाळी तो पाद्रीबाबांकडे गेला. पाद्री लडलम हा वाचणारा माणूस, पण मनाचा सरळ. तो म्हणाला, “असं होतं खरं, क्लेम. परक्याचं नाव कानाला विचित्र लागतं, मग जीभ त्यातून ओळखीचे शब्द करते. काम्लेचं उशिरा-ये होऊ शकेल.”

“म्हणजे मी खणणाऱ्यांतला.”

“किंवा टोपणनाव असेल, तुझे वडील सांगायचे तसं. शिवाय कॅमलेट नावाचं एक कापडही होतं, बकऱ्याच्या केसांचं. तुझा पूर्वज ते विकत असेल.”

“बकऱ्याच्या केसांचं,” क्लेम म्हणाला.

“किंवा विणत असेल. खरं सांगू? मला माहीत नाही. देवाला माहीत.”

“त्याला विचारता येतं का?”

पाद्रीबाबांना हसावं की नाही ते कळेना. क्लेमनं गंमत केली नव्हती.

बातमी पबमध्ये पोचायला वेळ लागला नाही. मी तिथे होतो. कुणीतरी ओबेडला म्हणालं, “ऐकलंस का, तुझा फितूर मूळचा बेल्जियमचा निघाला.” ओबेडनं ग्लास खाली ठेवला. आधी त्याला आनंद झाला. “बघा! मी म्हणत नव्हतो? फितूर कसला, शत्रूच!” मग तो थांबला. भुवया जवळ आल्या. “पण मग… शत्रूचाच माणूस शत्रूच्या छावणीत गेला तर ती फितुरी कशी? तो आपल्या घरीच गेला.”

“मग काय?” मी म्हटलं.

“मग माझे बाप-आजे इतकी वर्षं शिव्या कुणाला देत होते?” तो खरोखरच बावचळला होता. त्यानं दुसरी पिंट मागवली नाही आणि सरळ घरी गेला. असं मी त्याच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

क्लेमची झोप उडाली. ऑलिव्ह सांगायची, तो जेवताना मध्येच विचारायचा, “अगं, तू लग्न कुणाशी केलंस? फोडणाऱ्याशी की खणणाऱ्याशी?”

“स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करतो म्हणाला होता, त्याच्याशी,” ती म्हणायची. “तो माणूस अजून आलेला नाही.”

एकदा मी बीटाचा ट्रक रिकामा करून परत येताना त्याला बांधावर उभा पाहिला. काळ्या रानावर धुकं होतं. मागे पंप घुमत होता. मी खाली उतरलो.

“गड्या,” तो म्हणाला, “बाबा काय करायचे आठवतं का? रोज जेवणाआधी खणणाऱ्यांना शिव्या द्यायचे आणि जेवण झालं की इथे येऊन पंप चालू करायचे. मला तेव्हा ते काही वाटलं नाही. मी हा बांध राखतो, तो कोण म्हणून राखतो?”

“पगार घेणारा म्हणून.”

“थट्टा नको रे.”

“थट्टा नाही करत. मला दुसरं काही सुचत नाही.”  माझं आडनाव टेलर. आमच्यात कुणीतरी शिंपी होता, संपलं. या माणसाला काय होतंय ते मला बाहेरूनच दिसत होतं. त्याच्याकडे आधी दोन कहाण्या होत्या. दोन्हींत तो निदान याच गावचा होता. आता एक कहाणी त्याला गावाबाहेर काढत होती, आणि ती कहाणी घेऊन आलेला माणूस त्याच्याच घरात, त्याच्याच कानांनिशी, बटाटे खात होता. आणि आवडतही होता. दोघं मिळून पंपाचा पट्टा बदलायचे, एकमेकांचं निम्मं बोलणं न कळता तासन्‌तास गप्पा मारायचे.

जानेवारी आला. बांधाच्या जेवणाला ऑलिव्ह ओदिलोंला घेऊन आली. क्लेम नेहमीप्रमाणे नंतर येणार म्हणून कुणी विचारलं नाही. सूप आलं. सूप संपत आलं. सगळ्यांनी चमचे उलटे धरले आणि दाराकडे बघायला लागले.

दार उघडलं नाही.

आमच्याकडे तो आल्याशिवाय सूप संपलं असं म्हणत नाहीत. म्हणून बायकांनी पुन्हा थोडं थोडं वाढलं. तेही संपलं. मग भांड्यात तळाशी उरलेलं वाढलं, त्यात पाणी घालून आणखी वाढलं. ओदिलों मुकाट्यानं सगळं पीत होता. इंग्रज लोकांच्या मेजवानीत नुसतं सूपच असतं अशी त्याची समजूत झाली, हे त्यानं नंतर सांगितलं. मेबल माझ्या कानात म्हणाली, “आतलं मांस वाळून चामडं व्हायला लागलंय. जा, बघ त्याला.”

“कुठे बघू? ऑलिव्ह, घरी आहे का तो?”

“सकाळीच निघालाय,” ऑलिव्ह म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “चांगला कोट घालून.”

शेगडीतला कोळसाही संपत आला होता. ओबेड पिंचबेक वरच्या टेबलावरून उठला, “मी कोळसा आणतो, तू बांधाकडे बघून ये.” आम्ही दोघं मागच्या दारानं बाहेर पडलो आणि तिथेच थबकलो. कोळशाच्या खोपटाच्या भिंतीला टेकून क्लेम उभा होता. हातात टोपी. दुमडलेले कान गारठ्यानं लालबुंद.

“इथे काय करतोयस?” ओबेड ओरडला. “आत ये! मांस वाळतंय!”

“कोण म्हणून येऊ?” क्लेमनं विचारलं.

“कोण म्हणून म्हणजे? उशिरा आलेला म्हणून. उशीर तर केलाच आहेस!”

“मी उशिरा आलो नाही, ओबेड. हॉलचं कुलूप उघडायच्या आधी आलोय. तेव्हापासून इथेच आहे.”

ओबेडनं वळून माझ्याकडे पाहिलं. 

“पुढच्या दारानं जावं तर चमचे वाजणार,” क्लेम सांगत होता, “आणि मी खणणाऱ्यांतला असलो तर ते चौघं माझ्यामुळेच मेले. मग मी कशाला जेवू? नसलो तर न जाणं म्हणजे बाबांचा अपमान. तिसरं म्हणजे बकऱ्याचे केस. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.”

ओबेडनं कोळशाची बादली भरून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे आत कुणाला सांगू नका. माझे आजोबा सांगायचे, आमचा पिंचबेक फासावर गेला. पण आजी, ते घरात नसले की, म्हणायची, कसला फास? त्याला ताप आला होता, तो त्या रात्री बाहेर पडलाच नाही. अंथरुणात मेला.”

क्लेम त्याच्याकडे बघतच राहिला. “मग तू वरच्या टेबलावर का बसतोस?”

“बाप बसायचा म्हणून.”

“आणि खरं काय?”

“मला काय ठाऊक! मी कोळसा विकतो. चल, पाय गोठले माझे.”

क्लेमला हे पटलं का, मला सांगता येणार नाही. तो समजल्यासारखा दिसत नव्हता. पण ओबेडनं त्याची बाही धरली आणि आम्ही तिघं मागच्या दारानं, कोळशाची बादली घेऊन, आत शिरलो. लोक पुढच्या दाराकडे बघत होते. कुणाचं लक्ष गेलं तेव्हा काहींनी टेबलं बडवली, काहींना हे उशिरा येणं धरायचं की नाही ते कळेना. क्लेम मध्येच उभा राहिला. दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, वरच्या टेबलाकडे पाहिलं. शेवटी ऑलिव्हनं त्याचा कोट ओढून त्याला आपल्या आणि ओदिलोंच्या मध्ये बसवलं.

तेव्हा गावानं ते कान पहिल्यांदा शेजारीशेजारी पाहिले. 

“अरे देवा,” मागून कुणी बाई म्हणाली.

“त्यात काय,” ओबेड शेगडीत कोळसा टाकता टाकता म्हणाला, “आमच्या घोड्याचेही तसेच होते.”

हॉल हसण्यानं दणाणला. क्लेमही हसला, पण जरा उशिरा. मांस खरंच चामडं झालं होतं. ओदिलोंनं दोनदा घेतलं.

पुढच्या हंगामात ओदिलों यंत्रं तपासायला पुन्हा आला. आल्या आल्या क्लेमला म्हणाला, “मी आईला विचारलं. आजीला काही माहीत नव्हतं, असं आई म्हणते. गेले नव्हते. आले होते. आमचेच लोक समुद्रापलीकडून आमच्या गावात आले.”

“कुठून?”

“ओल्या देशातून.”

क्लेम खाली बसला. ऑलिव्हनं चहा टाकला. “म्हणजे,” क्लेम बोटांवर हिशेब केल्यासारखं करत म्हणाला, “आम्ही तुमचे नाही, तुम्ही आमचे?”

“आई म्हणते तसं. पण आई ऐंशीची आहे.”

त्यानंतर बांधाच्या जेवणाला क्लेम कधी कुठून येईल याचा नेम राहिला नाही. एका वर्षी तो सूपाच्या आधी येऊन बसला आणि सूप कधी संपवायचं यावर वाद झाला. एका वर्षी त्यानंच सूप वाढलं. लोक पैजा लावायला लागले. तो म्हणायचा, “मला जे वाटतं ते त्या त्या वर्षी वाटतं.” पंप मात्र त्यानं निवृत्त होईपर्यंत चोख चालवला. एका वसंतात छातीच्या दुखण्यानं गेला.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली एक दुपार मला आठवते. धाकटी मुलगी बाळाला घेऊन आली होती, नवऱ्यासह. आम्ही सगळे अंगणात वाटाणे सोलत बसलो होतो. क्लेमच्या मांडीवर बाळ होतं आणि तो त्याचे कान तपासत होता. कान साधे होते, बापासारखे, डोक्याला चिकटलेले.

“ब्राउन,” क्लेम म्हणाला. जावयाचं आडनाव ते. “बरं झालं. चांगलं साधं नाव. याला कुणी काही विचारणार नाही.”

“हो ना, बाबा,” मुलगी म्हणाली.

तो बाळाला झुलवत राहिला. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला.

“पण ब्राउन म्हणजे नक्की कोण?” त्यानं जावयाला विचारलं.

“असेल कुणीतरी तपकिरी केसांचा,” जावई म्हणाला.

क्लेमनं त्याच्या चकचकीत टकलाकडे पाहिलं, मग बाळाच्या पिवळ्या जावळाकडे पाहिलं, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.